मताचे पैसे आणि पुलाखालची माणसं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि खरं सांगायचं तर भांडायला बसले आहे. ज्याच्याशी भांडायचंय तो हे वाचणार याची खात्री आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगते. दादा, तिळगूळ घेतलास, गुळाच्या पोळ्या खाल्ल्यास, आता निमूटपणे माझं ऐकून घे. :)

तर झालं असं. २०२६ साली संक्रांत आली १४ जानेवारीला आणि मुंबई महापालिकेचं मतदान १५ला. माझा आत्येभाऊ गेली वीसेक वर्षं ऑकलंडला असतो, तो नेमका त्याच आठवड्यात आमच्याकडे उतरला होता. प्रचाराच्या रिक्षा आदल्या दिवशीच थांबल्या होत्या, त्यामुळे कानांना जरा आराम होता. सगळे जमलेले, पोळीवर तूप वाढणं चाललेलं, आणि दादा म्हणाला, "येताना त्या उड्डाणपुलाखाली बघितलं. ओळीने माणसं झोपली होती, पोरंबाळं घेऊन. आणि उद्या तुम्ही कोट्यवधी रुपये उडवणार मतदानावर! त्या पैशांत या सगळ्यांना घरं नसती का झाली? आणि निवडून कुणीही आलं तरी फरक काय पडतो?"

घरातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. भाचा म्हणाला, "म्हणूनच तर सगळ्या निवडणुका एकदाच घ्या म्हणतायत." काकू म्हणाल्या, "खरंय बाई, नुसती उधळपट्टी." माझ्या हातात तुपाची वाटी होती. मी तूप वाढलं आणि गप्प बसले. संक्रांतीचा दिवस, पाहुणा माणूस, वादावादी कशाला? पण रात्री झोप लागली नाही. त्या पुलाखाली मी एकदा सरकारी कागद हातात घेऊन उभी होते, आणि त्या कागदावर मी काय लिहिलं ते घरात कुणालाच माहीत नाही. त्याकडे येईनच. आधी हिशोब.

दादाचं वाक्य त्याच्या गावी खरं आहे, हे आधी कबूल करते. न्यूझीलंडमध्ये २०१५-१६ साली देशाचा झेंडा बदलायचा का, यावर दोन वेळा सार्वमत घेतलं गेलं. पंतप्रधान जॉन की यांची ती हौस. खर्च सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर, त्यांचे डॉलर. शेवटी साधारण ५७ टक्के लोकांनी सांगितलं की आहे तोच झेंडा बरा आहे. आणि त्यानंतर दोनच महिन्यांत, २०१६च्या हिवाळ्यात, ऑकलंडमध्ये भाडं परवडत नाही म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं गाड्यांत आणि गॅरेजांत झोपत असल्याच्या बातम्या आल्या. मांगेरे भागातल्या ते पुएआ नावाच्या माओरी लोकांच्या सभास्थानाने, मराए म्हणतात त्याला, आपली दारं त्या कुटुंबांसाठी उघडली. दादाने तेव्हा फोनवर मला हे सगळं सांगितलं होतं. त्याचा आवाज चढला होता, आणि त्याचं चुकत नव्हतं. कुणी मागितलं नव्हतं, अडलं नव्हतं, असं ते मतदान होतं. असे पैसे वाचवून माणसांच्या डोक्यावर छप्पर घातलं असतं तर कोण नको म्हणालं असतं?

पण तेच वाक्य विमानाने मुंबईत आणून महापालिकेच्या मतदानाला चिकटवलं की ते चुकतं. झेंड्याचा रंग विचारणं वेगळं आणि आपल्या वॉर्डातलं पाणी, गटार, दवाखाना, शाळा यांचा जाब कुणाला विचारायचा ते ठरवणं वेगळं. दादा दोन्हीला "मतदान" म्हणतो. गुळाच्या पोळीला आणि भाकरीला एकच नाव दिल्यासारखं आहे ते.

आता पैशांकडे वळू, कारण "कोट्यवधी" हा शब्द उच्चारला की आपल्याकडे पुढचा हिशोब कुणी करत नाही. मी गणिताची बाई नाही, मराठी शिकवायचे, पण एवढा भागाकार येतो.

२०१५ साली संसदेच्या एका स्थायी समितीने एकत्र निवडणुकांवर अहवाल दिला. त्यात लोकसभा आणि सगळ्या विधानसभांच्या निवडणुकांचा खर्च निवडणूक आयोगाच्या अंदाजाने ४,५०० कोटी रुपये धरला आहे. पाच वर्षांनी एकदा, म्हणजे वर्षाला ९०० कोटी. ऐकायला केवढा मोठा आकडा! आता दादाच्या मनासारखं करू. भारतात मतदानच बंद. एकही निवडणूक नाही, एकही यंत्र नाही, एकही शाळा दोन दिवस बंद नाही. सगळे ९०० कोटी बेघरांना. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसं बेघर नोंदली गेली. भागाकार करा. माणशी वर्षाला पाच हजार शंभरच्या आत. दिवसाला चौदा रुपये.

चौदा रुपये, दादा! सगळी लोकशाही विकून एका माणसाच्या वाट्याला वडापावसुद्धा आला नाही. घरं कसली बांधतोस?

उलट बाजूनेही करून बघा. २०१४च्या लोकसभा निवडणुकीवर सरकारचा सुमारे ३,८७० कोटी रुपये खर्च झाला आणि मतदार होते ८३ कोटींच्या वर. मतदारामागे सेहेचाळीस-सत्तेचाळीस रुपये, तेही पाच वर्षांतून एकदा. वर्षाला नऊ-साडेनऊ रुपये. त्यानंतर महागाईने हा आकडा वाढला असणार, दुप्पट धरा हवं तर. एवढ्या पैशांत आपल्याला "तुम्ही जा, दुसरा येऊ दे" असं म्हणायचा हक्क मिळतो. सोसायटीचा वॉचमन बदलायलासुद्धा याहून जास्त खर्च येतो.

(उमेदवार आणि पक्ष जो पैसा उधळतात, गाड्या, बॅनर, पाकिटं, त्याची मलाही चीड आहे. पण तो सरकारच्या तिजोरीतला पैसा नाही. मतदान रद्द केलं म्हणून कुठलाही पक्ष त्या पैशांची गादी आणि चादर घेऊन पुलाखाली जाणार नाही.)

आता त्याहून महत्त्वाचं. बेघरांना निवारा मिळत नाही तो पैसे नाहीत म्हणून, असं दादाला वाटतं. मलाही वाटायचं. पण ते तसं नाहीये.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगून ठेवलंय की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा हवा. फक्त थंडीपुरता नाही, बारा महिने चोवीस तास. मुंबईची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या जवळ होती, म्हणजे साधारण सव्वाशे निवारे हवेत. मुंबई आजवर या आकड्याच्या आसपासही पोचलेली नाही. मग २०१३मध्ये केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात बेघर निवाऱ्यांसाठी वेगळी योजनाच आली. माणशी निदान पन्नास चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, सगळं कागदावर लिहिलेलं. पैसेही ठेवलेले. आणि २०१६ साली पुन्हा सर्वोच्च न्यायालयालाच म्हणावं लागलं की निधी आहे, धोरण आहे, तरी प्रत्यक्षात फारसं काही झालेलं नाही. त्यासाठी न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली.

म्हणजे बघा, पैसे होते आणि ते पडून होते. मतदानाने ते खाल्ले नव्हते. कुणाला घाईच नव्हती, एवढंच.

आणि दादाच्या म्हणण्याची परीक्षा तर मुंबईत होऊनही गेली, त्याला पत्ताच नाही! आधीची महापालिका २०१७ साली निवडून आली होती. तिची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. तेव्हापासून १५ जानेवारी २०२६पर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षं, मुंबईत महापालिकेचं मतदानच झालं नाही. प्रभाग किती, ओबीसी आरक्षण किती, हे कोर्टात अडकलं होतं. शेवटी मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, मग त्यालाही मुदतवाढ, आणि असं करत करत संक्रांत उजाडली. तोवर २२७ नगरसेवकांच्या जागी एक प्रशासक. २०२५-२६चं अंदाजपत्रक होतं ७४,४२७ कोटी रुपयांचं. देशातल्या कित्येक छोट्या राज्यांचंही एवढं नसतं. ते मांडलं प्रशासनाने आणि मंजूर केलंही प्रशासनाने.

दादाच्या हिशोबाने या चार वर्षांत मुंबईत निवाऱ्यांचं पीक यायला हवं होतं. निवडणूक नाही, खर्च नाही, नगरसेवकांची कटकट नाही. कुठे आहेत ते सव्वाशे निवारे? अहो, अंदाजपत्रकात "न झालेल्या मतदानाचे वाचलेले पैसे" असा रकानाच नसतो. वाचलेला पैसा आपोआप गरिबाकडे जात नाही. तो कुठे जायचा हे कुणीतरी ठरवतं, आणि ठरवणाऱ्याचा हात धरून विचारण्यासाठीच तर मतदान असतं.

आता माझी गोष्ट. ही लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

मी शाळेत असताना बीएलओची ड्यूटी केली आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बीएलओ म्हणजे मतदार यादीच्या एका भागाचं काम बघणारा माणूस. नवे अर्ज तपासायचे, घरोघरी जायचं, मेलेल्यांची नावं काढायची, हलवलेल्यांची नोंद घ्यायची. शाळा सांभाळून. २०२३च्या नोव्हेंबरात यादीची मोहीम चालू होती तेव्हा माझ्याकडे एक सहा नंबरचा फॉर्म आला. नवीन नाव घालायचा फॉर्म असतो तो. पत्त्याच्या जागी लिहिलं होतं, "उड्डाणपुलाखाली, तिसऱ्या खांबाजवळ".

अर्ज होता स्टेशनबाहेर गजरे विकणाऱ्या मावशींचा. मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडून अबोली घेत आले होते, पण त्या कुठे राहतात हे कधी विचारलं नव्हतं. मूळच्या सोलापूर जिल्ह्यातल्या. नवरा नाही, मुलगी आणि दोन नातवंडं. कुणा कार्यकर्त्या मुलीने त्यांना फॉर्म भरून दिला होता.

आपल्या निवडणूक आयोगाचा याबाबतचा नियम मला फार आवडतो. बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा नसेल तर बीएलओने रात्री त्या जागी जायचं, माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं. एकापेक्षा जास्त रात्री. झोपलेला सापडला तर दुसरा कुठलाही पुरावा मागायचा नाही. झोप हाच पुरावा! जगात कुठे असा सुंदर नियम असेल का मला माहीत नाही.

पहिल्या रात्री मी आणि आमचे हे, साडेअकराला गेलो. मावशी होत्या. ताडपत्री, एक पत्र्याची पेटी, स्टोव्ह, दोन्ही पोरं एका गोधडीत. मला बघून मावशी इतक्या ओशाळल्या की मलाच कसंतरी झालं. त्यांना विचारलं, "मावशी, मत द्यायचंय का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "मताचं काय नाय बाई. यादीत नाव असलं की सामान उचलताना माणूस दोनदा इचार करतो." मी कागदावर टिकमार्क केली. एक रात्र झाली.

दुसऱ्यांदा चार दिवसांनी गेलो. तिसरा खांब मोकळा. पाण्याने धुतल्यासारखा स्वच्छ. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, दुपारी गाडी आली आणि सगळ्यांचं सामान उचलून घेऊन गेली. पेटीसकट. पेटीत आधार कार्ड होतं, नातवाचा जन्मदाखला होता. माणसं कुठे गेली? "असतील इकडंच कुठं."

होत्याच. तीन दिवसांनी सापडल्या, रेल्वेच्या भिंतीकडेला, जुन्या जागेपासून चालत सात मिनिटांवर. पण ती सात मिनिटं ओलांडली की यादीचा भाग बदलतो. तो भाग माझा नव्हता. तिथे बीएलओ दुसरा, म्हणजे फॉर्म दुसरा, दोन रात्री पुन्हा पहिल्यापासून. मोहिमेचे शेवटचे दिवस, परीक्षेचे पेपर, वरून रोज फोन, "बाई, किती पेंडिंग?" मी कार्यालयात विचारलं, काय करू? "दिलेल्या पत्त्यावर नाहीत ना? मग तसं लिहा."

मी लिहिलं. "अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आली नाही." खाली सही केली. अक्षर छान आहे माझं.

खोटं काहीच लिहिलं नव्हतं. पण आढळून आली नाही म्हणजे काय हो? मला ती आढळली होती. मी तिच्याशी बोलले होते. तिची जागा आढळत नव्हती, आणि ती जागा तिने हरवलेली नव्हती. मी दुसऱ्या बीएलओला फोन करून सांगितलं, मावशींना नवा फॉर्म आणून दिला, पण आधार गेलेलं, मुलगी तापाने पडलेली, आणि ते राहून गेलं. २०२४ची लोकसभा गेली, विधानसभा गेली. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच करतात, २०२६च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ची यादी धरली होती. मी एक ओळ लिहिली तिचा पसारा असा तीन निवडणुकांवर पसरला. मी मे २०२५मध्ये निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं छान झालं.

आता कळलं का दादा, मला त्या रात्री झोप का आली नाही?

तू म्हणालास, मतदानाचे पैसे पुलाखालच्या माणसांना द्या. आणि पुलाखालची बाई मतदार यादीत नाव यावं म्हणून धडपडत होती! तिला पन्नास वर्षं मुंबईत काढून जे कळलं होतं ते आपल्याला शिकून-सवरून कळत नाही. ती भोळी नव्हती. मत दिल्यावर घर मिळेल असं तिला वाटत नव्हतं. यादीत नसलेल्या माणसाचं सामान माणसाचं मानलं जात नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

यावर कुणीतरी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की नगरसेवक होते तेव्हा तरी त्यांनी कुठे निवारे बांधले? नाही बांधले. मी नगरसेवकांची वकिली करायला बसलेले नाही. पण का नाही बांधले ते बघा. प्रचाराला येणारा कार्यकर्ता हातात यादी घेऊन फिरतो. या चाळीत चाळीस मतं, त्या बिल्डिंगमध्ये साठ. पुलाखाली तो थांबत नाही, कारण त्याच्या कागदावर तिथे कुणी राहतच नाही.

याच मुंबईत उलटं उदाहरणही आहे. झोपडपट्ट्या. झोपडीवाल्यांचं सगळं छान चाललंय असं मी म्हणत नाही. पण १९९५नंतर पुनर्वसनाच्या योजनेत कोण पात्र, कोण अपात्र हे ठरवताना काय बघितलं गेलं? १ जानेवारी १९९५च्या किंवा त्याआधीच्या मतदार यादीत नाव आहे का! पुढे ती तारीख सरकत २०००वर आली, त्यानंतर २०११पर्यंतच्यांना पैसे भरून घर देण्याची गोष्ट आली. ही तारीख कुणाच्या दयाळूपणाने पुढे सरकली नाही. प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर तिथल्या लाखो मतांनी ती ढकलली. अनेकांना ही मतपेढी खटकते, त्यावर स्वतंत्र वाद घालू. माझा मुद्दा एवढाच की मुंबईत मतदार यादीतली एक ओळ म्हणजे अक्षरशः घराचा कागद आहे. आणि पुलाखालच्या माणसाकडे तेवढीच नाही.

२०११च्या जनगणनेत मुंबईत सत्तावन्न हजारांच्या आसपास बेघर मोजले गेले. तेही एका रात्रीत, २८ फेब्रुवारीला. त्या रात्री जे दिसले ते. ही सत्तावन्न हजार माणसं जर यादीवर आली, एखाद्या वॉर्डात हजार, दुसऱ्यात पाचशे, तर त्या वॉर्डातला उमेदवार पुलाखाली थांबेल की नाही? महापालिकेत शे-दोनशे मतांनी जागा पडतात. तो थांबेल, तोंडाला येईल ते आश्वासन देईल, पुढच्या वेळी त्याला लोक विचारतील. आपल्या बिल्डिंगमधला पाण्याचा प्रश्न असाच सुटला होता, आठवतंय ना काकू?

म्हणून मला हे "मतदान की बेघर" असं तराजूत घालणंच मान्य नाही. ज्याचं भलं करायला निघालात त्याच्या हातातलं एकमेव हत्यार त्याच्याच नावाने मोडायचं, याला मी दया म्हणणार नाही. आणि हे बोलणारे आपण सगळे यादीत असतो. आपल्याकडे वीजबिल असतं, भाडेकरार असतो, ओळखीचा नगरसेवक असतो. मतदान झालं नाही तरी आपली कामं होतात. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्यालाच मत लागतं.

निवडणुकीवर खर्च होतो याची मला लाज वाटत नाही, उलट काही खर्चांचा अभिमान वाटतो. गुजरातेत गीरच्या जंगलात बाणेज म्हणून जागा आहे. तिथल्या देवळात राहणाऱ्या एकट्या महंतासाठी अनेक निवडणुकांत मतदान केंद्र उभारलं गेलं आहे. एक मतदार, अख्खं पथक, सिंहांच्या जंगलात. दादा याला उधळपट्टी म्हणेल. मला वाटतं, देश एका माणसासाठी एवढा चालतो हे केवढं मोठं आहे! माझं भांडण एवढंच की जंगलात एका माणसासाठी जाणारं पथक, मुंबईत सात मिनिटं चालून भिंतीपाशी का पोचू शकत नाही? तिथे आणखी पैसे खर्च करा. कमी नका करू, जास्त करा.

आणि वाचवायचेच असतील तर ते कुठून, तेही सांगते. आपल्याकडे एक माणूस दोन मतदारसंघांतून उभा राहू शकतो. दोन्हीकडे निवडून आला की एक जागा सोडतो आणि तिथे आपल्या पैशाने पोटनिवडणूक होते. निवडणूक आयोगाने २००४ सालीच सुचवलं होतं की हे बंद करा, नाहीतर त्या पोटनिवडणुकीसाठी त्याच्याकडून पैसे घ्या. हे करा की आधी. शिवाय मावशींसारख्यांसाठी नियमात एवढंच घाला की माणूस दिलेल्या जागेवरून हुसकावला गेला असेल, पण त्याच मतदारसंघात सापडला, तर त्याचा अर्ज बाद करायचा नाही, त्या भागाच्या बीएलओकडे आपोआप जाईल. यादी विधानसभा मतदारसंघाची असते, त्यात एका भागातून दुसऱ्या भागात कागद सरकवायला किती पैसे लागतात? आणि ते सव्वाशे निवारे. त्यासाठी नवा कायदा नको, नवा निधी नको, मतदान रद्द करायला नको. २०१०चा आदेश आहे, तो वाचा आणि बांधा.

१५ तारखेला सकाळी आम्ही मत दिलं. बोटावर या वेळी शाईऐवजी मार्करची रेघ, त्यावरूनही घरात चर्चा झालीच. दादाला मत नव्हतं, त्याने न्यूझीलंडचा पासपोर्ट घेतला त्याला आता दहा वर्षं झाली. तो बाहेर उभा राहून आमचे फोटो काढत होता. परत येताना स्टेशनकडून आलो. मावशी गजरे घेऊन बसल्या होत्या. मी अबोली घेतली. त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "देऊन आलात?" मी हो म्हटलं. दादाने शंभराची नोट दिली आणि राहू द्या म्हणाला. त्यांनी ऐंशी रुपये मोजून परत केले.

दादा, तुझं विमान आता तिकडे पोचलंही असेल. रागावू नकोस. पुढच्या वेळी डिसेंबरात येणार म्हणालास, तेव्हा एक रात्र माझ्यासाठी मोकळी ठेव. रेल्वेच्या भिंतीपाशी जाऊ, साडेअकरानंतर. मी आता बीएलओ नाही, पण सहा नंबरचा फॉर्म कुणीही भरून देऊ शकतं. या वेळी मावशींच्या मुलीचाही भरायचाय, तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. आणि तिकडच्या भागाच्या बीएलओला आपण सोबत घेऊन जाऊ. गूळपोळी मी आणते.

असो. फारच लांबलं. काकू, तुमचा फोन येणार हे माहीत आहे. :)